रविवारची पुडी

अकरा पूर्णांक चार.
आकड्याखाली काळी रेघ,
शेजारी बारीक अक्षरात : तीस ते शंभर.
पंचवीस वर्षं दहावीला गणित शिकवलं,
असे आकडे मीच लिहिले लाल शाईने
आणि वही उलटी ठेवून पुढची ओढली.
त्या पोरी घरी जाऊन काय सांगत असतील
ते आज कंपूच्या दवाखान्यात बाकावर कळतंय.

बाकावर सगळेच नापास.
भालेराववहिनींना नऊ. गुडघे.
शमीमआपांना चौदा. बोटं.
घाटीगावचा मोतीराम कुशवाह,
तीस वर्षं फर्शीच्या खाणीत
उघड्या पाठीने दगड फोडलेला,
ती पाठ आता बांबूसारखी एकसंध झालीय,
त्याला बारा.
"मैडमजी, धूप की हमें कौनसी कमी थी?"
म्हणतो, आणि मान वळत नाही
म्हणून माझ्याकडे अख्खा वळतो.

खरंच. ग्वाल्हेरचं ऊन!
मे महिन्यात रात्री अकरालाही
भिंतीला हात लावून बघा.

डॉक्टर सिकरवार माझ्या लेकीच्या वयाच्या.
मी विचारलं, हे कमी म्हणून सांधे धरतात,
की सांधे धरतात, म्हणून मी घरात, म्हणून कमी?
म्हणाल्या, दोघं बरोबर चालताना दिसतात,
कोण कुणाला ओढतंय ते अजून ठाम सांगता येत नाही.
मला आवडलं उत्तर.
दोन रेषा छेदल्या
म्हणून एकीने दुसरी काढली असं होत नाही,
हे मी फळ्यावर किती वेळा बडबडलेय.

त्यात माझं आणखीच तिरपागडं.
ल्युपस. दिरांनी शब्दकोश काढला : लांडगा.
गालांवर पसरतं त्याला मात्र
पुस्तकात फुलपाखरू म्हणतात.
ऊन लागलं की ते जागं होतं.
हाडं म्हणतात ऊन आण,
कातडी म्हणते उंबरठ्याबाहेर ठेव,
आणि मी एका घरात दोन जावा नांदवते.

डिसेंबरात दहाला धुकं फाटतं
आणि अख्खं लष्कर गच्चीवर येतं.
कुणी मटार सोलतं, कुणी केस मोकळे सोडतं,
गजकचा पुडा कठड्याकठड्याने फिरतो.
मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत,
लांब बाह्या, मोजे, नवऱ्याची क्रिकेटची टोपी.
सावली सरकते तशी खुर्ची सरकवते.
शेजारची गुड्डी विचारते,
"आंटी, आपकी धूप से कट्टी है?"
कट्टी नाही गं.
पत्रव्यवहार आहे. आठवड्यातून एकदा.

रविवारी पुडी येते.
साठ हजार एककं, चिमूटभर पांढरी भुकटी.
कोपरा फाडणं माझ्या बोटांच्या आवाक्यातलं नाही,
श्रीरंग अडकित्त्याने उडवतात.
कोमट दूध, साय काढायची नाही,
स्निग्धाशिवाय ते अंगी लागत नाही म्हणे.
आई रविवारी सूर्याला अर्घ्य द्यायची,
ओंजळीतून पाणी खाली सोडायची.
मी दोन्ही तळव्यांत पेला धरते
(मूठ वळेपर्यंत तासभर तसाच धरावा लागतो)
आणि ओंजळ स्वतःकडे उलटी करते.
किंचित खडूसारखी चव.

तीन महिन्यांनी पुन्हा बाक.
मला अठरा. वहिनींनी तपासणीच केली नाही,
सून म्हणाली, पैसे त्याच आकड्याचे पुन्हा कशाला.
मोतीरामला एकतीस! सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.
तो कागद नीट घडी करून खिशात ठेवत म्हणाला,
"पास तो हो गए मैडमजी,
फिर यह झुकती क्यों नहीं?"
कुणीच काही बोललं नाही.
आत पुढचा नंबर पुकारला.

घरी येऊन जुन्या वहीत
प्रमेयाच्या दोन रकान्यांची रेघ मारली. वाकडी आली.
विधान : आज मूठ चाळीस मिनिटांत मिटली.
कारण :
पुडी असेल. दुसऱ्या गोळ्या असतील.
एप्रिल लागलाय, तोही असेल.

रकाना कोरा ठेवलाय.