सातव्या पानावर

माझ्या मोबाइलवर आमचा घाणा पहिला यायचा.
'जवसाचं तेल' टाकलं की सगळ्यात वर
गिरीपुंजे लाकडी घाणा, तालुका पवनी,
आणि बाजूला मामंजींचा फोटो, डोळे मिटलेले.
पंधरा दिवस मी त्याच खुशीत पोळ्या लाटल्या.

मग बँकेच्या रांगेत निर्मलाचा फोन मागितला.
पहिल्या पानावर नाही.
दुसऱ्यावर दिल्लीची कंपनी, तिसऱ्यावर
घोड्यांना पाजायचं तेल, चौथ्यावर
लाकडाला लावायचं.
माझा नंबर पुकारला तरी मी अंगठा सरकवतच होते.
सातव्या पानावर सापडलो आम्ही, तळाशी,
जसं लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेलं माणूस
चपलांपाशी बसतं.

लोमेश म्हणाला, "वहिनी, तुमचा फोन तुमाले ओळखते.
घरच्या कुत्र्यानं शेपूट हालवली
म्हनून गावानं वळखलं असं होत नाही."
लोमेश म्हणजे बसस्टँडवरचा, स्क्रीन बदलून देणारा,
तीन हजारांत वेबसाइट त्यानंच करून दिली होती.
"शब्द भरा लागतीन," म्हणाला, आणि भरले:
जवस तेल, शुद्ध जवस तेल, भंडारा जवस तेल,
विदर्भ जवस तेल, जवस तेल भाव, जवस तेल जवस तेल.
महिन्याभरात आम्ही अकराव्या पानावर गेलो.

मामंजींना वाचून दाखवलं.
त्यांनी सुपारी गालात सरकवली.
"एकच गोठ चाळीसदा सांगनाऱ्या मानसापाशी
बाजारात कोनी उभं रायते का?"

नकाशावरची खूण तर शाळेच्या हातपंपावर पडली होती.
दोन गाड्या येऊन गेल्या, कोल्हे मास्तरांनी
त्यांना पाणी पाजून परत पाठवलं.

मग मी वही घेतली.
आठ दिवस घाण्यापाशी पोत्यावर बसले.
बैल जाऊन मोटर आली, तरी लाट बाभळीचीच,
तशीच कुरकुरते,
आणि लोकही तेच विचारतात, वर्षानुवर्षं.
तेल कडू काहून लागते?
फोडणीले चालते का, का वरूनच घ्याचं?
थंडीत गोठंल?
आमचं जवस आनलं तर पिरून द्यान का,
अन् ढेप कोनाची, तुमची का आमची?

ह्या शेवटच्या प्रश्नावर मी हसले होते,
तरी लिहिला.
मामंजींनी जे उत्तर दिलं तेच खाली लिहिलं,
काटछाट केली ती फक्त शिव्यांची.
फोटोंना नुसते आकडे होते, त्यांना नावं दिली:
'बाभळीची लाट', 'ताजी धार, सकाळचे सात',
'डोमाजी गिरीपुंजे, डोळे उघडे'.
खूण हातपंपावरून उचलून
आमच्या कवेलूंच्या छपरावर ठेवली.
तेल नेणाऱ्या प्रत्येकाला म्हटलं, दोन ओळी लिहा.
एकानं लिहिलं: 'रस्ता खराब. तेल चांगलं. चार तारे.'
एक तारा सरपंचाकडे मागायला हवा.

काही झालं नाही.
दोन महिने काहीच झालं नाही.
मी वही चुलीमागच्या फळीवर टाकून दिली.

मग एका दुपारी अनोळखी नंबर.
माणूस साकोलीकडचा, दहा शेळ्या पाळलेला.
त्याला तेल नकोच होतं.
"तुमी लिवलं ना तिथं, ढेप कोनाची म्हनून,
तर उरलेली ढेप इकता का?"
त्यानं एक पोतं नेलं. पुढच्या खेपेला
त्याच्या बायकोनं लिटरभर तेल.

आता निर्मलाच्या फोनवर आम्ही तिसऱ्या पानावर असतो,
कधी चौथ्या. दर सोमवारी तिला विचारते.
माझा फोन अजून मला पहिल्यावरच दाखवतो.
तो खोटं बोलत नाही, घरचा आहे एवढंच.

"तिसऱ्या पानावर म्हंजे कोठी?" मामंजी विचारतात.
"गावात का गावाभाईर?"

शिवेपाशी, मी म्हणते.

"मंग पोचनच," म्हणतात, आणि मोटर सुरू करतात.