कागद, वजा

म्हापशाच्या बाजारात, शुक्रवारी,
चोरिसांच्या माळा ओलांडून
जिन्याखाली एलेउतेरिओचं टेबल.
वर दिवा, मान मोडल्यासारखा.
मी रुमालातून तिकीट काढून ठेवलं
जसे लोक माझ्यापुढे
तुटकं मंगळसूत्र ठेवायचे,
आधी थोडं झाकून.

चाळीस वर्षं मी सोनं पारखलं.
दगडावर रेघ, रेघेवर आम्लाचा थेंब,
आणि समोरच्याच्या तोंडाकडे न बघता
आकडा सांगायची सवय.
आज माझं स्टूल पलीकडे आहे.

त्याने चिमट्याने उचललं. बोट लावलं नाही.
मुकुट घातलेली बाई, छातीवर चिलखत,
दहा फेनिग, तांबडी.
"जर्मन," तो म्हणाला,
आपण "बांगडा" म्हणतो तसं.
पट्टीवर दाते मोजले: चौदाचे, एक तुटका.
काळ्या ताटलीत पालथं घालून
बेंझिन सोडलं,
आणि कागदातून शंकरपाळ्यांसारख्या चौकटी
क्षणभर वर आल्या, उडून गेल्या.
मी म्हातारा माणूस, मला तेवढ्यानेच बरं वाटलं.
"कोपरे कोणें दुमडले, शेट?"

त्र्याऐंशी साल. हळदोण्याची पिएदाद
कौलं बदलायची म्हणून लॉकेट घेऊन आली.
झाकण उघडलं. आत फोटो नव्हता,
ही होती,
वाटोळ्या जागेत मावावी म्हणून कोपरे मोडलेली.
बाप बोटीवर गेला, त्याचं एकच पत्र आलं,
त्यावरून तिच्या आईने कापून ठेवलेली.
बाकीचं पत्र वाळवीने वाचलं.
मी काटा सरळ केला, वहीत लिहिलं:
काच वजा. लाख वजा. कागद वजा.
"आनी ह्या तिकिटाचें कितें, पात्रांव?"
मी हसलो. तसा वाईट नव्हतो हसलो.
"बरें पळयलें मरे तुमी?"
मी मान हलवली.
पाहिलं नव्हतं. दुकानात चवथीची गर्दी होती.

लॉकेट त्याच रात्री मुशीत गेलं.
आता ते कुणाच्या बांगड्यांत आहे
देवाला ठाऊक, आणि देवाला त्याचा घटही ठाऊक.
तिकीट ती विसरली, की ठेवून गेली,
माझ्या गुंजांच्या डबीत राहिलं.

एलेउतेरिओने जाड पुस्तक उघडलंच नाही.
"कोट्यवधी छापलीं, शेट.
दहा रुपये. तेही तिकिटाचे न्हय.
हांव वाकतां, पाकीट उगडतां, दिवो लायतां,
ताचे."
म्हणजे घडणावळ.
मला कळलं. माझ्याइतकं कुणाला कळणार?
घडणावळ काढून घेतली की खाली उरतं ते
मीच लोकांना रोज सांगायचो,
चहा मागवून, गोड शब्दांत.

उठायला हवं होतं.
बाहेर कुणीतरी मयड्याच्या केळ्यांवरून
भांडत होतं, दोन रुपयांसाठी, मनापासून.
मी रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली,
आणि तोंडातून तिचंच वाक्य आलं,
माझ्या आवाजात, जरा जास्त मोठ्याने:
"बरें पळयलें मरे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.
मग दिव्याची मान आणखी खाली ओढली,
दुसरं भिंग घेतलं, जाड काचेचं,
आणि बाईच्या गालावरचा काळा शिक्का
तिरका धरून वाचू लागला.
"शेवटचीं अक्षरां... बुर्ग.
अर्धे गांव थंयचे अशेच सोंपतात.
साल पुसलां. वेळ आसा.
सांजेचीं स ते सात."

एवढंच. भाव तोच राहिला.
पण तो अजून बघत होता,
केळ्यांचं भांडण मिटलं तरी बघत होता,
आणि मी स्टुलावर बसून होतो
पावती मिळायची आहे अशा माणसासारखा.