रिकामी आहे, तरी

मे महिन्यात दुपारी साडेचारला
बोरकुटे सर कूलर बंद करतात.
वाऱ्यानं कागद हलतात, म्हणतात.
मग शेडमध्ये सहा जणांचा घाम,
दहा मीटरवर सहा पांढरे चौकोन,
आणि वर पत्रा, नागपूरच्या उन्हात
गॅसवर विसरलेल्या तव्यासारखा.

मी चार नंबरच्या लेनवर.
वय सत्तेचाळीस, बँकेत कॅशवर,
डोळ्यांना नुकताच प्रोग्रेसिव्ह चष्मा.
वाटलं होतं, नेम शिकवतील.
पंधरा दिवस नुसतं ठेवणं शिकवलं:
नळी समोर, बोट बाहेर,
आणि केशरी दोरा नळीतून आरपार,
की दुरूनही दिसावं, पोटात काही नाही.
"उचलनं सोपं असते, मॅडम.
कामठीत बावीस वर्सं काढली म्या.
लोकं ठेवतानीच चुकते."

काही गोष्टी भिंतीवरच्या पाटीत नाहीत.
कुणी नेम धरला की मागे बांगड्या वाजू नयेत
(माझी एक निघाली, दुसरी निघेना,
तिच्यावर रुमाल बांधते).
दुसऱ्याच्या पिस्तुलाकडे
'बघू जरा' म्हणून हात जाऊ नये.
कुणाचा छर्रा सातच्या रिंगणात गेला
तर च् च् करू नये, त्याला दिसतंय ते.
आणि तर्री-पोहे आले तरी आधी हात धुवायचे,
थंड पाण्यानं, साबणानं, मनगटापर्यंत.
छऱ्यांचं शिसं बोटांना लागतं, दिसत नाही.

तो पोट्टा, प्रज्वल, मेश्रामांचा.
अकरावीत, मिशी नुकती सुचू लागलेली.
त्याचा मित्र दाराशी मोबाईल धरून.
"इकडे पाय न बे," मित्र म्हणाला,
आणि प्रज्वल वळला.
पिस्तुलासकट.

अर्धा सेकंद असेल.
तेवढ्यात त्या नळीनं पाहिलं:
दोन नंबरवरच्या श्वेतलचा कान,
माठ, माठावरचा स्टीलचा पेला,
माझा चष्मा,
बंद कूलर,
सरांच्या शर्टाचं तिसरं बटण,
आणि दारातला मित्र, हसणारा.

कुणी ओरडलं नाही.
"थांबा," सर म्हणाले, एवढंच.
आम्ही हातातलं टेबलावर ठेवलं, मागे सरकलो.
माठ पाझरत होता, ते ऐकू येत होतं.
सर बाजूनं चालत गेले
आणि त्याचं मनगट धरून हळू वळवलं भिंतीकडे,
झोपलेल्या लेकराची मान
उशीवर सरळ करावी तसं.

"रिकामी होती, सर."
खरंच होती.
सरांनी उघडून पाहिली, श्वेतलला दाखवली, मला दाखवली.
"हाव, रिकामी हाय.
भरेल असती तं मेडिकलच्या दारात असतो आपन.
रिकामी हाय, म्हनूनच बोलून राह्यलो."
मग त्याला ओलं फडकं दिलं.
झाडू नाही, शिशाची धूळ उडते.
तो गुडघ्यांवर बसून पुसत गेला,
पाठमोरा, कान लालभडक.
मित्र केव्हा निघून गेला, कुणी पाहिलं नाही.

आठवडाभर तो आला नाही.
मला वाटलं, संपलं.
बुधवारी दारात उभा, हात मागे बांधून.
सरांनी मान वर केली नाही.
"समोरचे कागद बदल," म्हणाले.
तो निघाला, आणि रेषेपाशी थांबला.
सहाही टेबलांवरून नजर फिरवली,
केशरी दोरे मोजले, ओठ हलवत,
चारवर, माझ्यापाशी, जरा जास्तच वेळ,
मग पाऊल पुढे टाकलं.

दुसऱ्या दिवशी धरमपेठ शाखेत
एका काकांनी पाचशेचं बंडल सरकवलं.
"मोजेल हाय हो, मॅडम. घरी दोनदा."
असेल, म्हटलं.
स्पंजवर बोट टेकवलं
आणि पहिल्या नोटेपासून सुरू केलं.