रांजण

काखेतीत आमचा द्राक्षारस जमिनीखाली झोपतो,
गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणात.
तोडणीच्या आधी कुणा एकाला आत उतरावं लागतं
खांदे आवळून, श्वास सोडून,
हातात चेरीच्या सालीचा कुंचा घेऊन.
बाहेरून रांजण घासता येत नाही.
बाहेर नुसती माती असते.

यंदा मी उतरलो. मी इओराम, एकसष्टीचा,
बुधवार-शुक्रवार कडक पाळणारा.
हा रांजण घरचा नव्हे,
यातला रस वेदीवर जातो.
वर दिवा आणि दोर धरून माझा धाकटा भाऊ शिओ.
आतली हवा दगाबाज, माणसाला हळूच निजवते.
म्हणून आतल्याने गात राहायचं;
आवाज थांबला की वरच्याने ओढायचं.

मी गात होतो. घासत होतो.
भिंतीवर जुनी साय, काळी, चिवट,
आणि खाली, जिथे रांजण टोकाला निमुळता होतो
आणि जिथे मीच उभा होतो,
तिथे गाळ.

जूनमध्ये गारा पडल्या.
पडल्या त्या अक्रोडांच्या रांगेपर्यंत,
रांगेच्या अलीकडे माझी बाग, पलीकडे त्याची.
सकाळी त्याच्या वेली हाडांसारख्या उभ्या.
मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला,
म्हणालो, देवाची इच्छा.
आणि पोटात कुठेतरी
काहीतरी गोड सुटलं.

त्यानंतर मी उपास वाढवले.
मेणबत्त्या जाड आणल्या.
त्याला माझ्या बागेतली दहा टोपल्या द्राक्षं कबूल केली,
आणि कबूल करतानाच मनात मोजली.
पाद्री एल्गुजांपुढे गुडघे टेकले तेव्हा
राग सांगितला, आळस सांगितला,
पाहुण्यांसमोर जास्त झाली होती तेही सांगितलं.
हे तेवढं राहिलं.
याला नाव सापडत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.
सापडत होतं.

गाणं मध्येच तुटलं.
दोर ताणला गेला. "इओराम!"
"आहे," म्हणालो. मग म्हणालो,
"शिओ, गारा पडल्या तेव्हा मला आनंद झाला होता."

रांजण शब्द गिळत नाही.
गोल गोल फिरवून परत तोंडावर आणून टाकतो:
झाला होता, झाला होता, होता.

वरचा दिवा सरकला.
रांजणाच्या तोंडात फक्त आकाश उरलं, ताटाएवढं.
मला वाटलं, गेला. जाणारच.
प्रभू, दया कर:
हे मी आयुष्यात हजारदा म्हटलंय,
त्या क्षणी पहिल्यांदा कुणाला तरी म्हटलं.

आणि पाणी आलं.
डोक्यावर, मानेवर, थंडगार,
शिव्या घातल्यासारखं बादलीभर पाणी.
"घास," वरून आवाज आला.
"डाव्या हाताला अजून काळं आहे."
"तुला कसं दिसतं?"
"दिवा माझ्याकडे आहे."

मी घासलं. तो ओतत राहिला.
तो ओतायचा तेवढंच निघायचं,
माझ्या कुंच्याने नुसतं इकडचं तिकडे व्हायचं.
सातवी बादली गढूळ. नववीही.
आमच्याकडे रिवाज असा, की शेवटचं पाणी
उतरणाऱ्याने प्यायचं; पिववलं तर रांजण झाला.
अकराव्या बादलीला मी ओंजळ भरली.
थोडी मातीची चव होती.
थोडी माझी.

त्याने ओढून वर घेतलं.
मिठी मारली नाही. माफ केलं, असंही म्हणाला नाही.
माझ्या मानेवरचा गाळ दोन बोटांनी निपटला
आणि आपल्याच पँटला पुसला.

पुढच्या वर्षी पुन्हा उतरावं लागणार,
साय धरतेच.
दोर त्याने नीट गुंडाळला,
आणि दरवर्षीसारखा माझ्या खुंटीला न टांगता
आपल्या घरी घेऊन गेला.