धुराचा रंग

ऐरोलीत, आमच्या रो-हाऊसच्या मागे,
मोरी आणि कंपाउंडची भिंत यांत जेवढी जागा उरते
तेवढ्यात रबाळ्याच्या भंगारवाल्याकडचं पिंप उभं आहे.
आधी त्यात काय होतं ते विचारून घेतलं होतं.
खोबरेल.
तीनदा जाळून काढलं, तरी पहिल्या धगीला
अजून कुणाच्या तरी वेणीचा वास येतो.

बरगड्या काल रात्रीच मुरत ठेवल्या.
मागचा पापुद्रा सुरीच्या टोकाने उचलला,
फडक्याने धरला, ओढला,
नव्या वहीच्या कव्हरासारखा निघाला.
मग मीठ, किसलेला गूळ,
आणि आईच्या हातचा शेवटचा बाटलीचा मसाला,
तळाशी दोन बोटं उरलेला.
वापरू की नको करत दोन वर्षं गेली होती.

सकाळची मिस्सा चुकवून पेटवलं.
जांभळाची लाकडं, गेल्या मे महिन्यात
पालिकेने फांद्या छाटल्या तेव्हा रिक्षात घालून आणलेली.
पप्पा प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले,
बसले नाहीत.
"तुझं लाकूड रडतंय," म्हणाले.
"पांढरा धूर बघ. सगळं कडू होईल."
वाकले, गुडघा धरून,
खालची वीट दोन बोटं सरकवली
आणि वर बघत राहिले.
खूप वेळाने धूर निळा झाला,
आहे की नाही असा,
भिंतीपलीकडची शेवग्याची पानं त्यातून जराशी हलत होती.
"हा," म्हणाले, आणि मग बसले.

सव्वीस वर्षं रंगाच्या कंपनीत बॉयलरवर.
घरात कधी चहासुद्धा केला नाही.

शेजारच्या वर्तकबाईंनी दोरीवरचे कपडे काढले,
काही न बोलता, चिमटे मात्र जोरात टाकत.
दोन तासांनी भिंतीवरून डोकं:
"चिंच घातलीय का गं त्यात?"

दुपारी दोनला काटा अडुसष्टवर अडला.
अडीच. तीन. साडेतीन.
मी लाकूड उचललं.
"हात लावू नको.
मांसाला घाम फुटलाय. घाम आटला की आपोआप चढेल.
घाईने फुटतात गोष्टी."

आणि मग, मी विचारलं नव्हतं,
पिंपाकडेच बघत:
"शेवटच्या दिवशी साहेब लोक अकरालाच गेले.
बॉयलर असा फुंकर मारून विझवता येत नाही.
आग ओढून काढायची, वाफ थोडी थोडी सोडायची.
सोळा तास लागले.
गेटला कुलूप घातलेलं, आत मी,
आणि काटा असा खाली येताना.
शून्यावर आला तरी
मी त्याच्यावर टिचकी मारून बघितली."

त्या जागेवर आता काचेची इमारत आहे.
मी तिथेच चौथ्या मजल्यावर बसते,
हे त्यांना माहीत आहे. कधी विचारत नाहीत
खिडकीतून काय दिसतं.

पाच वाजता काटा हलला.

रात्री नऊला चिमट्याने मधोमध उचलल्या.
वाकल्या, तुटल्या नाहीत, वरच्या सालीला भेग गेली.
एक कड करपलेली होती.
"ती माझी चूक," पप्पा म्हणाले, "वाऱ्याची बाजू विसरलो,"
आणि ती कड त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.
वर्तकबाईंकडे झाकलेली वाटी गेली,
सकाळी ती धुऊन परत आली, त्यात चार आवळे.

पण त्याआधी, ताटं उचलताना,
खुर्चीखाली त्यांची जुनी वही दिसली, आडव्या रकान्यांची.
तासातासाची नोंद, तेच तिरकं अक्षर:
८.०० धूर पांढरा. वीट उघडली.
९.१० निळा.
१४.०० ते १७.०० स्थिर. मुलगी अधीर.
२१.०५ माल उतरवला.
खाली सही, कै. ज. परेरा,
आणि शेजारचा रकाना कोरा:
चार्ज कोणी घेतला.

मी पेन शोधायला वाकले.
बोटांना गूळ, चरबी, आईचा मसाला.
कागद नुसता धरला तर
अंगठाच उमटला.