पुसून वापरावी

डब्यावर लाल शाईत: पुसून वापरावी.
खाली गेडाम साहेबांची सही,
तारीख उंदरानं खाल्लेली.

सिव्हिल लाइन्समधला मे.
टेपला दमट चालत नाही म्हणून कूलर बंद,
आणि आम्ही दोघं कोरडेच भाजतोय,
मी आणि चौऱ्याहत्तर सालचं स्पूल.
कड उचलली की आंबूस वास,
लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडावं तसा.

कापसाच्या बोळ्यानं हेड पुसलं.
मीटरची सुई हलली.

"संत्रा, मृग बहार, शेकडा..."
सिंधू चिमूरकर.
पान उलटल्याची सळसळ,
मग एक खोकला, तळहातानं दाबलेला,
आणि लगेच काटोल, कळमेश्वर, न अडखळता,
जणू खोकलं ते दुसरंच कुणी.

फॉर्मवर एक रकाना आहे: दोष.
खोकला त्यात लिहायचा का?
पेन्सिल टेकवली. उचलली.

इतकी वर्षं गुंडाळून पडल्यावर
एका वेढ्याचा आवाज
शेजारच्या वेढ्यावर उमटतो.
त्यामुळे बाई बोलण्याच्या सेकंदभर आधी,
फार बारीक, भिंतीपलीकडून आल्यासारख्या,
बाईच ऐकू येतात.

गेडाम साहेब, तुम्ही पुसली नाहीत.
विसरलात की कपाटामागे सरकवलीत,
सहीवरून कळत नाही.

दारात मेश्राम, हातात किल्ल्यांचा जुडगा:
"सात वाजले. काय ऐकून राह्यले जी इतकं?"

"संत्र्याचे भाव," म्हणतो मी,
आणि टेप पुन्हा मागे घेतो,
बाई बोलायच्या जरा आधीपर्यंत.