खाल्ल्या मिठाला

तू मला जुना आहेस.
मी चार वर्षांची असताना ओपलमावशीनं मुका घेतला
आणि तुला माझ्याकडे सोपवलं.
तेव्हापासून कानाजवळच्या एका नसेच्या गाठीत
तू बिनभाड्यानं राहतोस.

परीक्षा, बाळंतपण, लेमारचं घर सोडून जाणं,
दर वेळी तू वर आलास,
खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात,
आधी मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा.
आतला ताप ओठावर फुटला, एवढंच.
मलम लावून मी कामावर जायचे.
कॅटफिश सोलणाऱ्या बायकांत कोण कुणाचं तोंड बघतं?

मग टलूलानं दुधाचा पेला
टेबलाच्या चार बोटं अलीकडे
हवेत ठेवला.
एकदा फुटला, मी ओरडले.
दुसऱ्यांदा फुटला, मी ओरडले.
तिसऱ्यांदा मी तिचे डोळे पाहिले
आणि काचा तशाच पडू दिल्या.

ती दोन ओरडणी अजून माझ्याकडेच आहेत.

लहान मेंदूत. लिंबाएवढं.
शस्त्रक्रिया, किरणं, दोन औषधं,
ग्रीन्सबरो ते बर्मिंगहॅम किती खेपा,
आणि पुन्हा लिंबाएवढं.

डॉक्टर लिंडक्विस्टनी कागदावर तुझं चित्र काढलं.
वीस बाजूंचा, कसा नीटनेटका.
नाव ऐकलं आणि माझा हात आपसूक ओठावर गेला.
हाच का?
हाच, त्या म्हणाल्या, पण याची दोन पानं आम्ही फाडली आहेत.
धडधाकट पेशीत शिरला तरी
तिथं याची चूल पेटत नाही.
जी पेशी थांबायचं विसरली,
तिच्याच घरात याचं पीठ, याचं सरपण.
तिथं हा वाढेल, घर फोडेल, शेजारच्या घरात शिरेल,
आणि त्या पडझडीच्या आवाजानं
शरीराचे झोपलेले राखणदार उठतील.
कदाचित.

सत्तावीस पानांत तो शब्द एकेचाळीस वेळा होता.
मी मोजला. मग सही केली.

काट्यानं काटा काढतात, मला कळतं.
पण काटा दिसतो, चिमटीत धरता येतो.
तू येणार गोठवलेल्या कुपीतून,
चमचाभराहून कमी पाण्यात,
आणि मी तुला ओळखते ती फक्त ओठावरून.

आदल्या रात्री तू मलाही आलास.
येणारच होतास.
नर्सनं मास्क दिला. आज मुका नको, म्हणाली,
तिच्या डोक्यात चार नळ्या आहेत,
आणि तुमचा तो, काय सांगू, शिकलेला नाही.
मला हसू आलं. त्या दिवसातलं एकच.

टलूलानं विचारलं,
तुझ्या ओठावरचा आणि माझ्या डोक्यातला भाऊ-भाऊ का?
हो म्हटलं.
मग त्याला सांग, नीट वाग.

म्हणून सांगते. रात्रीचे पावणेतीन, पंप टिकटिकतोय.
खाल्ल्या मिठाला जागावं, असं माणसाला सांगतात.
तुला मीठ ठाऊक नसेल,
तरी तीस वर्षं तू माझी कातडी खाल्लीस,
माझ्या प्रत्येक काळजीवर पोसलास.
आता ही काळजी खा.
हिच्यावर पोट भर.
आणि बाकीच्या घरांची कडी वाजवू नकोस,
तिथं तिला बेरीज येते, तिथं कुत्र्याचं नाव आहे.

तिसऱ्या आठवड्यात फोटो काढला. गाठ मोठी दिसली.
राखणदारांची गर्दी असेल, डॉक्टर म्हणाल्या,
नाहीतर गाठच असेल.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
अजून सांगता येत नाही.

आज सकाळी टलूलानं डाव्या हातानं
टेबलाची कड चाचपली,
मग उजव्या हातातला पेला
कडेच्या दोन बोटं आत ठेवला.

हे तुझं काम, की तिची हुशारी?

माझी खपली काल पडली.
मुका अजून घेतलेला नाही.
सोमवारी विचारा, म्हणालेत.